पोटॅशच्या गोणीतलं इंजिन

"आडवा हो, पप्प्या! दिसशील ना!"

हर्षालीनं चुलतभावाची मान दाबली आणि तिघंही कडब्याच्या गंजीमागे गपगार झाले. समोर सोमाजीअण्णांनी आपल्या खताच्या गोदामाचं कुलूप काढलं आणि एका गिऱ्हाइकाला घेऊन ते आत शिरले.

"आत्ताच चला!" मोहसीन कुजबुजला. "अण्णा गोण्या काढतायत तोवर इंजिन बघून येऊ."

"त्यात बघायचंय काय?" पप्पू म्हणाला. "इंजिन काय अंडी घालतंय?"

"तुला नसेल बघायचं तर बस इथंच. मला बघायचंय!"

हर्षालीला बघायचं होतं, कारण तिची आठवी त्या इंजिनावर अवलंबून होती. वाडीतली शाळा सातवीला संपायची. पुढची शाळा शिनोलीला, धरणाच्या पाण्यापलीकडे. धरणात जमिनी गेल्या आणि बदल्यात वाडीला मिळालं काय, तर एक होडी आणि तिच्या मागं लावायचं इंजिन! उन्हाळ्यात पाणी हटलं की होडी काठावर पालथी पडायची आणि इंजिन गोदामात जायचं. "पावसाळ्यात इंजिन चाललं तर शाळा," हर्षालीचे वडील भिमाजी यांनी बजावलं होतं. "वल्ह्याच्या होडीत पोरगी बसवायचा न्हाई मी. मागल्या साली वाऱ्यानं उलटली ती इसरलीस व्हय?"

तिघं वाकून आत सरकले. खतांच्या थप्प्यांमध्ये इंजिन आडवं पडलं होतं, गोणीत घालून सुतळीनं शिवलेलं. मोहसीननं टोकाची सुतळी ओढली. गोणी बाजूला झाली आणि पप्पू सगळं विसरून ओरडला.

"अगं आई! याला बुरशी आलीय!"

इंजिनावर पांढरी खरबरीत पूड चढली होती. हात लावला की खपल्या निघत होत्या आणि खपलीखाली ॲल्युमिनियमला खड्डे पडले होते. बोल्ट तर गंजून लाल झाले होते.

"कोण हाय रं तिकडं?" सोमाजीअण्णा धावत आले. इंजिन बघून त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "आसिड वतलंय कुणीतरी! दुसरी किल्ली कुणाकडं असती? वलीकडं!"

वलीभाऊ म्हणजे होडी चालवणारे, मोहसीनचे वडील. सुट्टीत मोहसीन घोडेगावहून त्यांच्याकडे राहायला आलेला. त्याच्यादेखत त्याच्या बापाला गुन्हेगार ठरवलं गेलं! संध्याकाळपर्यंत वाडीभर तेच झालं. जी माणसं रोज वलीभाऊंच्या होडीत बसायची, तीच म्हणायला लागली, "बाहेरचा माणूस, राव! त्याचा काय भरवसा?" वलीभाऊंनी किल्ली काढून देऊन टाकली. भांडले नाहीत. भांडून काय उपयोग होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"माझे अब्बा असं करणार नाहीत!" मोहसीन पाय आपटत म्हणाला.

"मग ते सिद्ध करू!" हर्षाली म्हणाली. "हे बघ, आसिड ओतलं असतं तर वरून ओघळ दिसला असता. पण पांढरं फक्त गोणी चिकटली होती तिथंच आहे. मूठ गोणीबाहेर होती, ती चकचकीत आहे!"

"गोणी पोटॅशची आहे," मोहसीन म्हणाला. "मी अक्षरं वाचली. पण कोरडी गोणी काय करणार?"

पप्पूनं डोकं खाजवलं. "कोरडी कुठली? शिमग्याला इंजिन धुतलं तेव्हा पाणी मीच ओतत होतो की! मी म्हटलं, सुकू द्या. अण्णा म्हणाले, बांध तसंच, घरी पुरणपोळ्या थांबल्यात!"

"आणि त्या दिवशी अब्बा घोडेगावला होते!" मोहसीन उसळला.

"पप्प्या, मुलखाच्या गाढवा! हे आधी नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही!"

मग प्रयोग झाला. हर्षालीच्या आईच्या, अंजनाबाईंच्या, स्वयंपाकघरातून ॲल्युमिनियमच्या दोन पळ्या पळवल्या गेल्या. एक पुसून, तेल लावून कोरड्या फडक्यात बांधली. दुसरी धुऊन तशीच ओली पोटॅशच्या गोणीच्या तुकड्यात. दोन्ही गोठ्याच्या वळचणीला खोचल्या. अंजनाबाई घरभर पळ्या शोधत राहिल्या आणि मांजरावर संशय घेत राहिल्या.

जूनच्या तोंडावर देवळापुढं बैठक बसली. वलीभाऊंना होडीवरून काढायचं, एवढाच विषय होता. हर्षाली पुढं गेली आणि तिनं दोन्ही पळ्या पारावर ठेवल्या. तेलातली लखलखीत. गोणीतली पांढरी, खरबरीत, खड्डे पडलेली.

"आसिड कुणी ओतलं नाही! शिमग्याला इंजिन ओलंच बांधलं. खताची ओली गोणी खारट असते, तिनं ते खाल्लं!"

"आगं माज्या पळ्या!" मागून अंजनाबाई ओरडल्या.

"ए पोरी, गप!" सोमाजीअण्णा तडकले. "गोणीशिवाय शेतकऱ्याचं पान हालतं का? तांदूळ गोणीत, कांदा गोणीत! गोणीनं कुनाचं वाटोळं झालंय?"

"बरोबर आहे, अण्णा!" हर्षाली गोड आवाजात म्हणाली. "मोहसीन, आण रे ती गोणी. पप्प्या, पाणी मार! अण्णांची मोटरसायकल यातच गुंडाळून ठेवू पोळ्यापर्यंत!"

दोघं गाडीकडे धावलेच. सोमाजीअण्णा पारावरून उडी मारून आडवे आले. "आरं, हात लावू नगा! गंजंल ना ती!"

देवळासमोर हशा पिकला. अण्णांची गाडी रोज तेलाच्या फडक्यानं पुसलेली असायची आणि कोरड्या चादरीखाली उभी राहायची, हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. स्वतःच्या वस्तूची काळजी कशी घ्यायची ते त्यांना चांगलं कळत होतं. इंजिन काय, सगळ्यांचं होतं!

वलीभाऊंना किल्ली परत मिळाली. "चुकलो" असं मात्र कुणी म्हणालं नाही. उलट सोमाजीअण्णांनीच पुढाकार घेऊन पोरांचा सत्कार केला. नारळ दिले, भाषण ठोकलं. "आपल्या वाडीची पोरं लई तल्लख!"

"पण इंजिन?" हर्षालीनं विचारलं.

"आतून पार गेलंय, पोरी," वलीभाऊ हळूच म्हणाले. "न्हाई चालनार."

"बगू की पुढल्या साली!" अण्णा म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

भिमाजी उठले. त्यांचे डोळे अभिमानानं भरले होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढ्या मानसांना गप केलं माज्या पोरीनं! आता हिला आठवीत जाऊन आनखी काय शिकायचं ऱ्हायलंय?"

टाळ्या पडल्या. हर्षालीला रडू फुटलं.

"बगा, बगा!" सोमाजीअण्णा कौतुकानं म्हणाले. "आनंदानं रडतीया पोर!"