परक्या घरची घागर

विमान पडल्याचा आवाज मला आठवत नाही. त्याच्या आधीचा आठवतो.

धुळ्याच्या धावपट्टीवरून शिकाऊ पोरांची छोटी विमानं आमच्या शेतावर घिरट्या घालायची. कानाला त्यांची सवय झाली होती. अठ्ठ्याऐंशी सालच्या पौषात, एका सकाळी मी हरभऱ्याला पाणी देत होतो, तेव्हा ती घरघर मध्येच थांबली. मग नुसता वारा ऐकू आला. कुणी लांबलचक धोतर टराटरा फाडत खाली यावं, तसा.

विमान आमच्याच हरभऱ्यात पडलं. धावत गेलो. आत एकटाच पोरगा अडकला होता, वीस-बावीस वर्षांचा. शुद्धीवर होता. पेट्रोलचा वास आणि चिरडलेल्या हरभऱ्याचा आंबट वास एकमेकांत मिसळले होते.

"बाबा, पानी..."

माझ्या हातात भरलेली चरवी होती. मी वाकलो, तोच शेजारचा भिकन मागून ओरडला, "हिलालभाऊ, पानी दिऊ नका! असा जखमीले पानी दिधं का जीव जास!"

आमच्याकडे सगळे असंच मानतात. मीही मानायचो. मी चरवी मागे घेतली. त्या पोराची नजर चरवीबरोबर मागे आली. दवाखान्याची गाडी आली तेव्हा नजर तिथंच होती, पोर गेलं होतं.

अभिमन त्याचं नाव, अमळनेरचा, एवढं नंतर कळलं.

वैशाखात आखाजी आली. त्या दिवशी आम्ही खान्देशात मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो, वर खरबूज ठेवतो. ज्याची घागर त्याच्या घरी. मी मात्र वडिलांच्या घागरीशेजारी दुसरी मांडली. झुंबरबाई, माझी बायको, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हायी कोननी?"

"त्या पोऱ्यानी."

"त्याले मायबाप नहीत का? परकाले कोनी घरमा बलावस का! पुढला साले बठ्ठा गावना मयत जेवाले बसाडा..."

"पानीच ते शे," मी म्हणालो.

दुपारी जेवायला बसलो आणि आतल्या खोलीतून आवाज आला. घट... घट... कुणीतरी श्वास न घेता पीत होतं. झुंबरबाईचा घास हातातच राहिला. उठून पाहिलं, तर वडिलांची घागर काठोकाठ भरलेली. दुसरी कोरडी. खालची जमीनही कोरडी. खोलीत पेट्रोलचा वास होता.

पुढच्या वर्षीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी झुंबरबाईनं ती घागर स्वतःच भरली.

चौथ्या आखाजीला, ऊन चढल्यावर, दारात एक बाई उभी राहिली. एसटीच्या धुळीनं केस पांढरे झालेले.

"भाऊ, मी सुनंदाबाई. अभिमननी माय."

झुंबरबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं तांब्याला हात लावला नाही.

"तीन वरीस त्यानी घागर भरी. आज सकाळीबी भरीसन उनू," ती म्हणाली. "बोटभर पानी उतरत नही, भाऊ. तो सपनमाबी येत नही. जठे पडना तठेच ऱ्हायना का, म्हनीसन इचाराले उनू..."

मी तिला सगळं सांगितलं. त्यानं मागितलेलं पाणी. मागे घेतलेली चरवी. मांडलेली घागर. ती मान खाली घालून ऐकत राहिली. माझं बोलणं संपलं आणि आतून आवाज आला.

घट... घट...

ती उठली. मी मागोमाग गेलो. घागरीतलं पाणी थरथरत खाली चाललं होतं. तिनं घागरीवर तळहात ठेवला.

"अभिमन... घर चाल, बेटा."

आवाज थांबला. इतका वेळ थांबला की खरबुजावरच्या माशीची भुणभुण ऐकू येऊ लागली. पाणी अर्ध्यावर होतं. ते आता हलत नव्हतं. हळूहळू तिनं हात उचलला आणि ती भिंतीशी सरकली.

"पे," ती अगदी हळू म्हणाली. "आधी पोटभर पे."

घट... घट... घट...

शेवटचा थेंब जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळली. मी हात जोडले. "ताई, मन्हं चुकनं..."

ती खूप वेळ माझ्याकडे पाहत होती. एखादी शिवी दिली असती तरी मी ती घेतली असती. पण तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि उंबरा ओलांडला.

बाहेर वारा पडला होता, लिंबाचं पानही हलत नव्हतं. तरी तिच्या पदराचं टोक मागे ताठ ओढलेलं होतं, लहान लेकरू धरून चालतं तसं. तिनं ते सोडवलं नाही. पावलं थोडी सावकाश केली, आणि ती बांधाच्या वळणापलीकडे गेली.