पुंजारामजीचा फुगलेला फोन

यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर माया तोंडातले उरलेले दोन्ही दात आजच पडोत.

भर मे महिन्यात दर्यापूरचे पुंजारामजी अमरावतीले निखतच्या ऑफिसात आले. निखत म्हणजे खासगी गुप्तहेर. लग्नाची स्थळं तपासता तपासता तिची नजर अशी तयार झाली होती का माणूस चप्पल काढेपर्यंत ती त्याले वाचून मोकळी. तिचा मदतनीस चंद्रभान पुंजारामजीचा साडू. मनानं भला, डोक्यानं सावकाश.

पुंजारामजीनं टेबलावर फोन ठेवला. पाठ भाजलेल्या पापडासारखी फुगलेली.

"सुनेच्या फास्ट चार्जरनं खाल्ला," हात खाजवत ते बोलले. "तेवढं सिद्ध करून द्या."

सून आरती. लग्नानंतर तिनं तो चार्जर आणला, तवाच पुंजारामजीनं भर अंगणात साऱ्यायले सांगितलं होतं का हे जहर हाय, माया फोनले लावाचं नाही. फोन फुगलेला दिसला त्याच्या आदल्याच दिवशी ती चार्जर घेऊन अकोल्याले माहेरी गेली होती. पुंजारामजीनं तिथं चंद्रभानले धाडलं. आन् यानं, शेजारी कुंपणापाशी उभे असताना, तिच्या आईबापाले सांगितलं का तुमची पोरगी सासऱ्याचा फोन जाळते आन् वरून खोटं बोलते. तिच्या आईनं पुढं केलेला शरबताचा गिलास तसाच मागं नेला. तवापासून आरती सासरी यायले तयार नव्हती. नाव साफ झालं तर येईन, नाही तर नाही.

निखत पहिले दर्यापूरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या इमरानकडं गेली. फोन त्यानंच उघडला होता. बॅटरी कंपनीचीच होती. तो म्हणे, फास्ट चार्जिंगनं थोडी झीज होते, पण फोन आपल्याले पायजे तेवढाच करंट घेते.

"फुगते ते तापानं," तो बोलला. "कोंडून ठेवलं का गेली बॅटरी." चार्जिंगच्या भोकातून सुईनं पांढरे तंतू काढले होते, ते त्यानं दाखवले.

मग पुंजारामजीचं घर. त्यायचा पोरगा नितेश सांगत होता का भाव चढला नाही म्हणून कापूस अजून मागच्या खोलीत पडून हाय, आन् चावी बाबाच्या कमरेच्या करगोट्याले. तेवढ्यात त्या खोलीच्या दारातून आत गेलेल्या एक्स्टेंशनच्या वायरीले चंद्रभानचा पाय अडकला. तो आपटता आपटता वाचला. निखत त्या वायरीकडं पाहात राहिली.

शेवटी अकोला. आरतीनं मान वर केली नाही.

"मी त्यायच्या फोनले हात नाही लावला. उलट दुपारी मामाजी झोपाले गेले का मायाच चार्जर जागेवर नसे."

दुसऱ्या दिवशी निखतनं बापलेकाले तिथंच बोलावलं.

"पुंजारामजी, बाही वर करा."

हात लालेलाल.

"कापूस साठवून ठेवला का उन्हाळ्यात अंगाले अशी खाज सुटते. साऱ्या घरात एकट्या तुमालेच काहून? चावी तुमच्यापाशी म्हणून. दारातून वायर आत काहून? सुनेचा चार्जर तुमी तिथं नेत होते. कोणाले दिसू नये म्हणून फोन कापसात खुपसत होते. तेच तंतू इमरानले सापडले. मे महिन्यात फोनवर कापसाची रजई! घर पेटलं नाही हे नशीब."

चंद्रभानले अजून उमजलं नव्हतं. "पण मागून काहून नाही घेतला?"

"भर अंगणात जहर म्हटलं होतं नं. आता कोणत्या तोंडानं मागतीन?"

चंद्रभानले तो शरबताचा गिलास आठवला आन् त्याचे कान तापले. आपण न पुसता, न पाहता एका पोरीले खोटारडी ठरवून गेलो. तो उठला, कुंपणापाशी गेला आन् शेजाऱ्यायले ऐकू जाईन असं बोलला, "मी चुकीचं बोललो होतो. पोरगी खरी हाय."

आत पुंजारामजीनं हात जोडले, डोळे पुसत आरतीची माफी मागितली.

आता दातायची काळजी हाय म्हणून कबूल करणं भाग हाय. ते हात जोडणं न् रडणं माया पदरचं. खरं तर पुंजारामजीनं खिशातून नितेशनं दिलेला जुना फोन काढला आन् साऱ्यायच्या देखत एवढंच म्हणाले,

"सूनबाई, तुया चार्जर देशीन का थोडा?"

आरती उठली आन् बॅग भराले लागली. चार्जर तिनं सगळ्यात वर ठेवला.