सातवा डबा

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या चाळीत दिवे लागायच्या आधी एक गोष्ट हटकून व्हायची. शेजारच्या बनूबाई कठड्यावरून ओरडायच्या, "विष्णुपंत, टोपी!" मग वृंदाचे सासरे गंभीर चेहऱ्यानं कोपरावर टोपी ठेवायचे, हात झटकायचे, आणि टोपी उडून नेमकी डोक्यावर बसायची. मुक्या सिनेमाच्या दिवसांत या टोपीला थिएटरं हसून लोळली होती. पुढे सिनेमा बोलायला लागला आणि विष्णुपंत घरी बसले. उरले ते खाटेखालच्या ट्रंकेत फितींचे सात डबे.

वृंदाला सहावा महिना होता. नवरा शरदचंद्र काडेपेटीच्या कारखान्यात, त्यामुळे आगीचं त्याला फार कळायचं.

"त्या फिती ठिणगीला भडकतात," तो म्हणाला. "आणि तुझी चूल तीन हातांवर."

मामंजींना सांगायचं कुणी? दोघांनाही धीर झाला नाही. एका दुपारी ते शिवमंदिराकडे निघालेले पाहून वृंदानं डबे उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले.

"फिल्म धोकर चूड़ियाँ बनाएँगे, बेटी," तो म्हणाला.

ट्रंक हलकी लागू नये म्हणून तिनं आत जुन्या गोधड्या कोंबल्या. तेवढी अक्कल बरी सुचली.

गुरुवारी टोपी जमिनीवर पडली.

"वय झालं हो विष्णुपंत!" बनूबाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी टोपी कोपरावर ठेवायची असते, हेच त्यांना आठवेना. मग सिनेमातली ती फेंगडी चाल गेली. पंचवीस वर्षं घरातसुद्धा न सुटलेली चाल. आता ते एखाद्या कारकुनासारखे सरळ चालत होते. रविवारी दाढी करता करता त्यांनी आरसा वृंदाकडे वळवला.

"सूनबाई, हे कोण?"

"तुम्हीच की, मामंजी."

"असं होय?" ते अदबीनं म्हणाले.

ट्रंकेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. एकदा कडाडून विचारलं असतं, तर तिच्या घशाखाली घास तरी उतरला असता.

सोमवारी सकाळीच टांगा करून ती उल्हासनगरच्या कॅम्पात गेली. भंगारवाल्याच्या शेडमध्ये पिंपांतून सोड्याचं पाणी उकळत होतं. बायका फिती घासत होत्या. चित्रांचं काळं निघून पाण्यात जात होतं, आणि दोरीवर पाण्यासारख्या स्वच्छ फिती वाळत होत्या.

सहा डबे धुऊन झाले होते. सातवा तिनं हातापाया पडून मागून घेतला आणि तिथंच अंगणात फीत उन्हाला धरली.

टोपीची गंमत नव्हती. थिएटरात हसावं असं काहीच नव्हतं.

एक दार होतं. दारात पोटुशी बाई, हातगाडीवर डबे चढवणारी. तिच्या पदराला रफू होतं. वृंदानं आपला पदर पाहिला.

तेच रफू.

बाईच्या पाठीमागे खिडकी. खिडकीत मामंजी.

म्हणजे ते देवळात गेलेच नव्हते.

पुढच्या चौकटींत त्यांनी कोपरावर टोपी ठेवली. हात झटकला. टोपी डोक्यावर बसली. मग त्यांनी ती काढली आणि त्या बाईच्या पाठीला वाकून सलाम केला.

नंतरच्या चौकटीत खिडकी रिकामी.

फीत तिथंच टाकून वृंदा धावत टांग्यात बसली.

बनूबाई कठड्याशीच होत्या. "अगं, आत्ताच खिडकीतून टोपी काढून सलाम केला की त्यांनी मला! किती दिवसांनी!"

घरात कुणी नव्हतं. ट्रंक उघडी होती. गोधड्या झटकून, बाळापुरत्या घडीनं, खाटेवर अंथरलेल्या.

टोपी खिडकीत होती.

वृंदानं ती उचलली. ओली होती, आणि तिला सोड्याचा वास येत होता.