सखारामच्या मनगटावरची राखी

सखाराम कधी शिंकत नसे, नाक खाजवत नसे, आणि हात तर दिवसातून दोनशे वेळा धूत असे. यंत्रमानवच तो, त्याला कसला कंटाळा! मग त्याने हाताळलेल्या बाळांनाच ताप का यावा?

सखाराम काम करायचा त्या रुग्णालयाच्या बाळकक्षात (दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या उबदार खोलीत) तापलेलं तिसरं बाळ म्हणजे चारूचा नऊ दिवसांचा भाऊ. एवढासा जीव, धड रडताही येत नव्हतं त्याला. काचेबाहेर उभी असलेली दहा वर्षांची चारू रडकुंडीला आली होती.

तिचे आजोबा तिथले सूक्ष्मजीवतज्ज्ञ (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचे अभ्यासक). ते म्हणाले, "रडून काय होणार? चल, शोधू. जंतूंना ना पाय, ना पंख. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जायला त्यांना बहुतेक वेळा कुणाचा तरी हात लागतो. यालाच संसर्ग म्हणायचं."

त्यांनी एका बाहुलीला निरुपद्रवी, जांभळ्या उजेडातच चमकणारी पूड फासली. सखारामने ती बाहुली उचलून ठेवली, हात धुतले, निर्जंतुक करणाऱ्या (जंतू मारणाऱ्या) किरणांखाली धरले आणि दुसरी बाहुली उचलली. आजोबांनी जांभळा दिवा लावला.

दुसऱ्या बाहुलीच्या मानेवर हिरवे ठिपके चमकले. सखारामची बोटं मात्र लख्ख होती. चमकत होती ती त्याच्या मनगटावरची राखी.

ती राखी चारूची होती. राखीपौर्णिमेला भाऊ अजून जन्मायचा होता, म्हणून तिनेच ती हौसेने सखारामला बांधली होती.

"आजोबा, माझ्यामुळे झालं हे?"

"तू मायेने बांधलीस गं. लक्षात यायला हवं होतं आम्हा मोठ्यांच्या. दोरा ओला राहतो, त्याच्या पिळात जंतू दडतात. तिथवर किरण पोचत नाहीत. म्हणून रुग्णाला हात लावणाऱ्याचा हात कोपरापर्यंत मोकळा हवा." बोलता बोलता त्यांनी स्वतःची अंगठी काढून खिशात टाकली.

सखाराम म्हणाला, "ताई, राखी काढायची नाही, असं तूच सांगितलं होतंस."

"आता मीच सांगते, काढ." चारूने कात्री घेतली. दोरा कापताना तिला फार वाईट वाटलं.

औषधं चालू होतीच. त्यानंतर आणखी एकही बाळ तापलं नाही. पाचव्या दिवशी भावाचाही ताप उतरला. चारू कोपरापर्यंत हात धुऊन दाराशी आली. सखारामने तिची दोन्ही मनगटं उलटसुलट करून पाहिली आणि मगच दार उघडलं. भावाने तिचं बोट घट्ट धरलं आणि आपल्या हातून पुन्हा त्याला जंतू लागतील, ही तिची भीती गेली.