सिद्रामप्पा ज्या विमानात बसला

पेपरात आलंय म्हणं, दोन माणसं चुकीच्या विमानात बसली आन भलत्याच गावाला जाऊन उतरली. तुम्ही पोरं मघापासून त्याच्यावर दात काढताय. काढा. लाईट गेलीय, दुसरं काम बी न्हाय तुम्हाला. पण निजामाच्या राज्यात आमच्या जळकोटचा एक माणूस चुकीच्या विमानात बसला होता. त्याला कुणी हसलं न्हाय.

हे मी पुस्तकातनं सांगत न्हाय. शाळा म्या दुसरीत सोडली, मास्तरला शिवी दिली म्हणून. माझा मामा बलभीम, जळकोटला सिद्रामप्पाकडं सालगडी होता. त्यानं हे डोळ्यानं बघितलं. मामा दारू पीत न्हवता, आन खोटं बोलायला जी अक्कल लागती ती त्याच्याजवळ न्हवती. तवा मधीच कुणी 'असं कसं होईल' म्हणलं, तर मी उठून जाईन. बसा मग अंधारात.

सिद्रामप्पा लिंगायत. तुरीचा, करडीचा व्यापार. घरात आई इरम्मा, बायको नीलम्मा. धाकटा भाऊ गुरुलिंग लांब मद्रासला, सरकीच्या पेढीवर. ह्यांचं बोलणं घरात कानडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू. सिद्रामप्पा तोंडाचा फटकळ, बढाईखोर, पण भावावर जीव. बाप लवकर गेला, धाकट्याला ह्यानंच खांद्यावर वाढवलेलं.

साल एकोणीसशे सेहेचाळीस. मार्गशीर्षातली अमावास्या, सोमवार. म्हणजे आमची येळवस. त्या दिवशी आख्खं गाव रानात असतं, ज्वारीत बसून भज्जी-आंबील खातं. गावात चिटपाखरू न्हाय. नळदुर्गाहून तारेचा माणूस सकाळीच आला होता, पण घराला कुलूप. बिचारा ह्या शिवारातनं त्या शिवारात विचारत हिंडला. जो तो त्याला धरून जेवायला बसवतोय. सिद्रामप्पाच्या खोपीपाशी पोचला तवा दिवस कलला होता आन तारवाल्याच्या पोटात पाच ठिकाणची भज्जी.

तार हैद्राबादच्या आडत्याची. गुरुलिंगच्या पोटात आतडं फुटलंय. मद्रासच्या दवाखान्यात हाय. रगत द्यायला सख्खा माणूस पाहिजे, न्हाय तर वाचत न्हाय. उद्या दुपारच्या हवाई जहाजात जागा धरलीय, रात्रीच्या मोटरीनं निघून या.

इरम्मानं हंबरडा फोडला. सिद्रामप्पा उठला, धोतर झटकलं आन म्हणाला, "अव्वा, रडू नको. उद्या मी विमानात बसतो. आपलं रगत हाय, पाणी न्हाय. गुरुलिंग उठून उभा ऱ्हातोय बघ."

इरम्माचं रडं तिथंच थांबलं. "कशात बसतो म्हणलास?"

"विमानात. सोलापूरच्या पेपरात तसंच लिहितात आता."

"जीभ झडो त्या पेपरवाल्याची. जहाज म्हण. तो शब्द पुन्हा तोंडातनं काढू नको."

तुम्हाला काय कळायचं त्यातलं. आमच्या मुलखात त्या वक्ताला उडत्या गाडीला हवाई जहाज म्हणायचे, उर्दूतलं. विमान हा शब्द लिंगायतांच्या घरात होता, पण तो येगळ्या कामाचा. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवा नेत न्हाईत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म, गळ्यात हार, आन केळीचे खुंट बांधलेल्या डोलीत बसवून वाजतगाजत नेतात. त्या डोलीला म्हणतात विमान. त्यात एकदाच बसतात माणसं.

नीलम्मा मोठी धीराची. सासूला हसवावं म्हणून बोलली, "नळदुर्ग येईपर्यंत मोटरीत दोनदा वांती होती ह्यांना. आता वर गेल्यावर खालच्या लोकांनी छत्री धरावी लागंल."

इरम्मा हसली न्हाय.

दिवस बुडाला. येळवसच्या संध्याकाळी लोक कडब्याचे पेटते हेंडगे घेऊन पिकाभोवती पळतात. ते बी विझत आले होते. बलभीममामानं सिद्रामप्पाची पेटी डोक्यावर घेतली, हातात कंदील, आन दोघं सडकंवर येऊन थांबले. सोलापूरहून हैद्राबादला जाणारी रात्रीची मोटर तिथं हात केला की थांबायची. कोळशाच्या धुरावर चालायची ती. मैलभर लांब असली तरी तिचा खडखडाट ऐकू यायचा, आन वास आधी यायचा.

खडखडाट न्हाय. वास बी न्हाय.

मामा म्हणायचा, अमावास्येचा अंधार असा होता की कंदील धरलेला हात तेवढा दिसत होता, पुढचा माणूस न्हाय. रानातला एकेक उजेड गेला. गाव निजलं. सिद्रामप्पा येरझाऱ्या घालायला लागला. आधी मोटरीला शिव्या, मग डायवरला, मग सरकारला. मग गप झाला. गप झालेला सिद्रामप्पा मामानं कधी बघितलाच न्हवता.

"बलभीम, जहाज चुकलं तर माझा भाऊ गेला रे."

"येतीया मोटर, आप्पा."

"कवा येती? तो तिकडं वाट बघतोय."

मग सिद्रामप्पानं चपला काढल्या. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले आन कानडीत मोठ्यानं मागणं मागितलं. मामाला कानडी कामापुरतं कळायचं. सिद्रामप्पा म्हणाला, बसवण्णा, काय बी कर, पण आज रात्री मला विमानात बसव.

मामा मधीच बोलला. "आप्पा, अव्वानं तो शब्द काढू नको म्हणलंय. जहाज म्हणा."

"गप बस. देवाला उर्दू कळतंय व्हय?"

हे बोलला, आन सडकंच्या वळणावर उजेड दिसला.

एकच दिवा. मोटरीला दोन असतात. मामाला वाटलं, एक फुटला असंल. उजेड जवळ आला. आवाज न्हाय. कोळशाचा वास न्हाय. वास आला तो भस्माचा, बेलाच्या पानांचा.

मोटर येऊन उभी ऱ्हायली. दोन्ही अंगाला केळीचे खुंट बांधलेले. मामाला वाटलं, येळवसचं सजवलंय कुणी.

दारात एक माणूस उभा. पांढरं धोतर, अंगात काय न्हाय, थंडीत.

"कुठं जायचं?"

सिद्रामप्पा घाईघाईनं बोलला, "हैद्राबाद. विमानात बसायचंय मला."

तो माणूस म्हणाला, "बर्री. कूडरी." म्हणजे या, बसा.

आपल्या भाषेतला माणूस भेटला म्हणून सिद्रामप्पाला बरं वाटलं. तो अनवाणीच वर चढला. मामानं पेटी पुढं केली.

"सामान न्हाय," तो माणूस म्हणाला.

"कपडे हायत त्यात, मद्रासला..."

"सामान न्हाय."

मामाला राग आला. पेटी घेऊन त्यानं पायरीवर पाय ठेवला. त्या माणसानं मामाच्या छातीला हात लावला. ढकललं न्हाय. नुसता लावला. आन मराठीत बोलला, अगदी सावकाश.

"तुम्ही न्हाय. तुमची माणसं आडवी जातात."

मामाच्या हातातनं पेटी सुटली.

कंदिलाचा उजेड आत पडला होता. आत माणसं होती. सगळी ताठ. सगळी मांडी घालून. कपाळभर भस्म. हनुवटी फडक्यानं बांधलेली. मान पडू नये म्हणून डोक्यामागं खुंटी, तिला एकेकाचं डोकं बांधलेलं. बायका, म्हातारे, एक लहान पोरगी. कुणी हलंना. कुणी पापणी मिटंना.

एकच जागा मोकळी होती. सिद्रामप्पा तिथं बसला होता.

त्याला दिसलं न्हवतं का, पोरांनो? मामा म्हणायचा, त्याला घाई होती. घाईत माणसाला मोकळी जागा तेवढी दिसती.

शेजारी एक म्हातारा. त्याचं डोकं हललं न्हाय. डोळे हलले.

"ही जागा गुरुलिंगची हाय."

सिद्रामप्पा म्हणाला, "कुठला गुरुलिंग?"

"जळकोटचा. इरम्माचा धाकटा. मद्रासला हाय. पुढं जाऊन त्याला घ्यायचंय."

...

मामा म्हणायचा, त्या वक्ताला सिद्रामप्पानं पहिल्यांदा इकडंतिकडं बघितलं. एकेक तोंड बघितलं. एका बाईपाशी त्याची नजर थांबली. त्या बाईला त्यानंच गेल्या वर्सी खांदा दिला होता.

"आप्पा," मामा खालून बोलला. "आप्पा, उतरा."

सिद्रामप्पा दारातल्या माणसाला म्हणाला, "मी उतरलो तर?"

"मग तो बसंल."

"आन मी बसून ऱ्हायलो तर?"

 

तो माणूस म्हणाला, "जागा एकच हाय."

...

"आप्पा, उतरा. तुम्हाला बायको हाय. आप्पा..."

सिद्रामप्पा उठला. मामाला वाटलं, उतरतोय. तो दारापर्यंत आला. मामाच्या हातातल्या कंदिलाकडं बघितलं. गावाकडं बघितलं. गाव दिसत न्हवतं.

भित्रा होता तो. मोठं बोलणारी माणसं असतातच.

मग मागं वळला. जाग्यावर बसला. मांडी घातली.

"बलभीम."

"जी."

"अव्वाला सांग... जहाज मिळालं." मग थांबून म्हणाला, "जहाजच म्हण. तो शब्द काढू नको तिच्यापुढं."

दारातल्या माणसानं फडकं काढलं. सिद्रामप्पानं हनुवटी वर केली. आपण होऊन.

मोटर निघाली. यंत्राचा आवाज न्हाय. चाकांचा न्हाय. खालनं पावलं वाजत होती. अनवाणी पावलं, लई माणसांची, ओझं घेतलेली. उमरग्याच्या बाजूला गेलीच न्हाय ती. सडक सोडून खाली उतरली, सिद्रामप्पाच्याच पडीक रानात. थोडं आत गेली.

दिवा गेला.

...

काय रे, बिडी कुणाजवळ हाय? द्या इकडं.

मामा पहाटं घरी आला. इरम्मा जागीच होती. त्यानं सांगितलं, जहाज मिळालं. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली आन बोलली, "पेटी परत का आणलीस?" मामानं पेटी भिंतीकडंला ठेवली. तिनं पुन्हा विचारलं न्हाय.

खरी मोटर त्या रात्री आलीच न्हवती. पलीकडं घाटात तिचा आस मोडला होता, सकाळपर्यंत तिथंच पडून होती. दोन दिसांनी हैद्राबादच्या आडत्याची तार आली, सिद्रामप्पा का आला न्हाय, जागा रिकामी गेली. तिच्या मागोमाग मद्रासची. सोमवारी रात्री डॉक्टरांनी हात टेकले होते. मंगळवारी पहाटं ताप उतरला. रगत लागलं न्हाय. का, ते डॉक्टरला बी सांगता येईना.

गुरुलिंग महिन्यानं गावी आला. काडीसारखा झालेला, पण चालत आला. इरम्मानं त्याला जवळ घेतलं, तोंडावरनं हात फिरवला, आन त्याच्या मागं बघत ऱ्हायली, अजून कुणी उतरतंय का. नीलम्मानं कुंकू पुसलं न्हाय. पुसा म्हणायची कुणाची छाती झाली न्हाय. मढं न्हाय तर कशाच्या जोरावर म्हणणार? कुणी म्हणलं, वाटंत लुटून मारला. कुणी म्हणलं, दुसरं घर केलं असंल. मामानं सगळं ऐकून घेतलं. इरम्मा गेल्यावर एकदाच तोंड उघडलं, ते बी माझ्यापुढं.

आन आता हे ऐका. मग जावा झोपायला.

त्या उन्हाळ्यात त्या पडीक रानात एका जागी जमीन पांढरी पडली. माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागती तेवढीच. काळी जमीन ती, हातभर खोल, तिथं खारट पाण्याची विहीर न्हाय, वढा न्हाय. मामानं बोटावर घेऊन जिभंला लावलं. मीठ. लिंगायत माणसाला खड्ड्यात बसवला की त्याच्या भोवती मीठ भरतात, ते तुम्हाला कुणी सांगितलं न्हाय, मी सांगतो. तिथं मातीला कुणी हात लावला न्हवता. वरचं गवत बी जुनंच होतं.

पावसात ते धुऊन जातंय. उन्हाळ्यात परत येतंय. साठ-सत्तर वर्सं झाली. शिवारातली सगळी गुरं तिथं जाऊन माती चाटतात, गुराखी हाणून दमतात.

सिद्रामप्पाच्या घरची गुरं मात्र तिथं तोंड लावत न्हाईत. आता तर एकच म्हैस ऱ्हायलीय त्यांच्याकडं, तीबी परवा येरमाळ्याहून विकत आणलेली, ह्या गावात तिचे चार दिवस झाले न्हाईत. काल मी सडकंवरनं येत होतो. दुसऱ्यांची गुरं चाटत होती. ती म्हैस मधी उभी होती. मान खाली घालून. नुसती उभी.