वाढतं माप

कॅम्पातलं चर्च अंजनीनं बाहेरून कितीदा तरी पाहिलं होतं. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, त्यांना बाहेरून टेकू दिल्यासारखे दगडी खांब, नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या टोकदार खिडक्या. विलायतेतल्या एखाद्या खेड्यातलं चर्च उचलून बेळगावच्या तांबड्या मातीत ठेवावं तसं ते दिसे. राणीच्या राज्यात पलटणीसाठी बांधलेलं. आत जायची वेळ मात्र तिच्यावर आता पहिल्यांदाच आली, तीही दुभाषी म्हणून! त्या सकाळी तिची मान जरा जास्तच ताठ होती.

तिचे वडील यमनाप्पा शहापुरात हातमाग चालवत. चर्चच्या छपरातल्या सागवानी वाशांना वाळवी लागली होती आणि दुरुस्ती निघाली होती. वरून कचरा पडणार, म्हणून पाद्रीणबाईंना आतल्या एका संगमरवरी मूर्तीवर घालायला पांढरी चादर विणून हवी होती.

"बाईसंगं तूच बोलायचं, मापबी तूच घ्यायचं," आप्पा वाटेत म्हणाले. "इंग्रजी शाळंत घाटलंय न्हवं तुला? माप चुकलं तर शाळा बंद. उचगावची मानसं अजून थांबल्यात."

उचगावची माणसं म्हणजे तिला बघून गेलेलं स्थळ. अंजनी इंग्रजी चौथीत होती आणि तिला मॅट्रिक व्हायचं होतं.

"चुकत न्हाय," ती म्हणाली.

आत उन्हाळ्यातही गारवा होता. वर उलट्या होडीसारखं लाकडी छप्पर. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन फरशीवर तांबडं-निळं सांडलं होतं. भिंतींवर मेलेल्या साहेबांच्या पितळी पाट्या. त्या घासणारा चर्चचा राखणदार भावकू कंग्राळी गावचा. बाकांच्या कडांना खाचा कशाला, असं अंजनीनं विचारताच तो हसला.

"बंदुका टेकवायच्या त्या, बाय. प्रार्थनेलाबी बंदूक घिऊन बसायची गोरी. सत्तावनाचं भ्या!"

"देवाचं न्हाय वाटतं," आप्पा पुटपुटले.

उत्तरेच्या भिंतीत कमानीखाली एक लांबट कोनाडा होता. त्यात पांढऱ्या संगमरवराची मुलगी उताणी निजली होती. हॅरिएट, वय वर्षे सहा. बापानं, कुणा कर्नलानं, पटकीनं गेलेल्या लेकीची मूर्ती विलायतेहून घडवून आणली होती. फ्रॉकच्या झालरीचे टाकेदेखील दिसत होते. पाय सरळ, पावलं जुळलेली. पायथ्याला एक उभा दगड; पावलं आणि तो दगड यांमध्ये वीतभर जागा मोकळी. भावकू तिथं पितळ घासायच्या भुकटीची डबी ठेवत असे.

पाद्रीणबाईंनी बजावलं की चादर नेमकी हवी, पायाशी चुण्या नकोत. अंजनीनं ते मराठीत सांगितलं, सूत मूर्तीच्या डोक्यापासून ताणलं आणि पावलापाशी गाठ मारली.

मागावरून चादर उतरली तेव्हा तिनं सूत लावून पाहिलं. चादर वीतभर जास्त होती.

"आप्पा! हे काय केलंत?"

"वाढतं माप सोडलंय," आप्पा शांतपणे म्हणाले. "लेकराचं कापड हाय."

"अहो, दगड हाय तो!"

"सा वर्सांची पोर हाय. लेकराला कधी बेतानं कापड देऊ न्हाय."

मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली आई, अंबुबाई, हसली. "तुझी परकरं समदी तशीच शिवलीती की गं. तवा बरी न्हाय बोललीस?"

अंजनीला रडू यायचं तेवढं राहिलं. चुण्या पडणार, बाई नाक मुरडणार, आणि आपण उचगावात शेण थापत बसणार!

चर्चात भावकूनं चादर मूर्तीवर पसरली. ती डोक्यापासून पायांपर्यंत नेमकी बसली. एक चुणी नाही.

पाद्रीणबाई खूश झाल्या. "बघ, म्हातारं बोललं तर खरं वाटत न्हाय तुमास्नी," आप्पा म्हणाले आणि बाईंच्या मागोमाग बाहेर गेले.

अंजनीनं खिशातलं सूत काढलं. चादर उचलून पुन्हा माप घेतलं. गाठ घोट्याच्याही वरच राहिली.

"डबी कुठं ठिऊ आता?" भावकू मागून म्हणाला. "हितं मावंना झालीया."

"मोठी आणलीव व्हय?"

"तीच की."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संगमरवरी पावलं पायथ्याच्या दगडाला टेकली होती.

अंजनी कुणाला बोलली नाही. दगडाची पोर वाढली म्हणून सांगितलं असतं तर शाळेच्या आधी तिचं डोकं तपासायला नेलं असतं. शिवाय चादर बसली होती आणि शाळा चालू होती.

पावसाळ्यात उघडं छप्पर गळलं, चादर डागाळली. दिवाळीनंतर दुसरी चादर विणायचा निरोप आला.

या खेपेला सूत ताणताना तिनं मूर्तीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मग गाठ दोन विती आत मारली. आप्पांचं वाढतं माप धरूनही चादर सहा वर्षांच्या पोरीएवढीच व्हावी. होती तेवढीच राहू दे तिला.

"आखूड वाटतंय गं," आप्पा सूत चाचपत म्हणाले.

"मागच्या खेपेला मीच सैल धरलंतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण विणली.

चादर घातली तेव्हा दोन्ही पावलं उघडी राहिली. पांढरी, गुळगुळीत, एकेक नख कोरलेलं. पाद्रीणबाईंनी ओठ आवळले. उद्या सकाळी येऊन चादर परत न्या, एवढंच म्हणाल्या. ते आप्पांना सांगताना अंजनीचं इंग्रजीही अडखळलं आणि मराठीही.

शहापूरच्या वेशीपाशी आप्पा थांबले.

"उचगावला सांगावा धाडतो," मग ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली तर पाद्रीणबाई दारातच हसत उभ्या. काल माझीच घाई झाली, म्हणाल्या. चादर अगदी बरोबर बसली आहे.

"व्हय काय?" आप्पांचा आवाज एकदम सैलावला. "नवं सूत हाय, रातभर पसरलं आसंल. जा, बघून ये. आन मग शाळंला पळ. उशीर नको."

अंजनी कोनाड्यापाशी गेली.

चादरीनं पावलं झाकली होती. पायथ्याला, दगडापर्यंत, दोन विती जागा रिकामी.

मधोमध मात्र चादर वर उचललेली होती.

तिनं भावकूकडे पाहिलं. तो पाठ करून पितळ घासत होता. तीच एक पाटी, पुन्हा पुन्हा.

"भावकूमामा, चादरीला हात लावलाव?"

"न्हाय बाय." त्यानं मान वळवली नाही. "तूबी लावू नगंस."

तिनं लावला. चादरीखाली टणक, गोल, एकाशेजारी एक, दोन गुडघे होते. पोटाशी घेतलेले. थंडीत अपुऱ्या पांघरुणात पोरं घेतात तसे.

"अंजने! शाळा!" बाहेरून आप्पांची हाक आली. कितीतरी महिन्यांत त्या हाकेत एवढी माया नव्हती.

"आले," ती म्हणाली.

वळताना तोल सावरायला तिनं हात टेकला. तो पायथ्याच्या रिकाम्या जागेवर, काल पावलं होती तिथं, पडला. साऱ्या चर्चात गार असलेला संगमरवर तेवढ्या जागेपुरता कोमट होता.