कडीवरचा हात

आटपाट सुरत शहर होतं. त्यात बमरोलीची चाळ होती, आणि चाळीच्या शेवटच्या खोलीत धुळ्याकडून आलेलं एक घर होतं. म्हातारी धुरपदाबाई, तिचा लेक हेमराज, सून प्रमिला आणि पाच वर्षांची नात हर्षदा. हेमराज लूमवर जायचा. घरात भांडी मोजकी, पण टीव्ही होता. प्लेग येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

सांजेचे सात वाजले की धुरपदाबाई टीव्हीपुढं आपला पाट मांडायची, तोंडात मिश्री धरून बसायची. मालिका हिंदीतली. म्हातारीला निम्मी कळायची, निम्मी ती मनानंच भरून काढायची. एका सांजेला मालिकेतली सून घरात एकटीच होती. दारावर थाप पडली. तिनं कडीवर हात ठेवला, आणि तिथंच भाग संपला.

दुसऱ्या दिवशी जुनाच भाग लागला. तिसऱ्या दिवशीही जुनाच. हेमराजनं बातमी आणली, हडताळ पडलीय.

"म्हंजे टीव्हीतल्या बाया बी हडताळीवर गेल्या का रं?" शेजारची सखुबाई हसली.

"बाया नाही काकू, त्यांच्या गोष्टी लिहिणारे."

धुरपदाबाई थक्क झाली. "गोष्ट लिहावी लागते? आन अशी अर्धी टाकून जातात? अरे, लूम थांबला तर कापड अर्धं राहतं, ते चालतं. कहाणी अर्धी ठेवू नये. ऐकणारा उठत नाही."

आठ दिवसांत म्हातारीला ताप चढला. दवाखान्यात तिनं सुनेचा हात धरला, म्हणाली, "कडी काढी का वं तिनी?" प्रमिला काय सांगणार? तिच्या हातातच म्हातारीचा हात गार पडला.

दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवला. कावळा लिंबावर आला, पण खाली उतरेना. हेमराजनं हात जोडले, "माय, हर्षदाला शिकवीन. बहिणीला दर दिवाळीला आणीन." कावळा मान वाकडी करून प्रमिलाकडंच बघत राहिला. तिला कळलं होतं. पण चार माणसांत, मेलेल्या सासूला मालिकेचं कसं सांगावं? लाजेनं तिनं पदर पुढं ओढला. दुपार कलली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि सगळे घरी परतले.

त्याच सांजेला, सातच्या ठोक्याला, दाराची कडी बाहेरून हलली. एकदाच. प्रमिलानं दार उघडलं. ओटा रिकामा. वळून बघते तर भिंतीला टेकवलेला पाट टीव्हीपुढं मांडलेला, आणि खोलीत मिश्रीचा वास.

"पाट कोणी मांडला गं?"

"आजीनं," हर्षदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली. डॉक्टरची दवा लागू पडेना, पाणी पोटात ठरेना. सात वाजले. कडी हलली. हर्षदानं डोळे उघडले.

"आई... मी जाऊ?"

"कुठं गं?"

"आजीबरोबर... ती म्हणते, चल. तिकडं पुढचं दाखवतात..."

प्रमिलाच्या हातातली वाटी कलंडली. पाणी पायावर सांडत राहिलं, तिला भान नव्हतं. मग ती उठली आणि रिकाम्या पाटासमोर बसली.

"आत्याबाई, पोरीला सोडा. पुढचं मी सांगते. तिनं कडी काढली..."

"मंग काय व्हयनं वं?"

ओठ हर्षदाचे हलले. आवाज म्हातारा होता.

प्रमिला थांबली नाही. "बाहेर तिचा धनी उभा होता... वाट चुकलेला, थंडीनं काकडलेला. तिनं हात धरून त्याला आत घेतलं. गरम भाकरी वाढली. आणि पुन्हा कधी त्याला दाराबाहेर ठेवलं नाही. झाली कहाणी पुरी."

पाटावरून एक लांब सुस्कारा आला. हर्षदाला घाम फुटला, ती झोपली. सकाळी तिनं भाकरी मागितली. उंबऱ्यावर ठेवलेला भात कावळ्यानं एका दमात खाल्ला.

तीन महिन्यांनी हडताळ मिटली. त्या सांजेला सगळी चाळ खोलीत दाटली. मालिकेतल्या सुनेनं कडी काढली. बाहेर नुसता पोस्टमन!

"अगं बाई, एवढ्यासाठी तीन महिने?" सखुबाई ओरडली.

प्रमिला दचकून पाटाकडं बघू लागली. मेलेल्या माणसाला आपण खोटं सांगितलं...

हर्षदानं टीव्हीवरची नजरही काढली नाही. तिचा हात शेजारच्या रिकाम्या पाटावर होता. "आई, भिऊ नको. आजी म्हणते, यांचंच खोटं. तुझं खरं. तू आजीला आत घेतलंस ना."

पुढं त्या घराचे दिवस पालटले. हेमराज मुकादम झाला. पाळणा हलला, मुलगा झाला. सुरतेजवळच्या सचिन गावात स्वतःच्या दोन खोल्या झाल्या. हर्षदा तर त्यानंतर एक दिवस आजारी पडली नाही. देवानं सगळं दिलं.

नव्या घराची कडीही सांजेला सातला हलते. पण आता आतून.